सीटी की एमआरआय, पैसे कुठे घालायचे?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वडिलांना सिरोसिस (लिव्हरला व्रण पडून ते कडक होतं तो आजार), सोनोग्राफीत लिव्हरमध्ये दीड सेंटिमीटरची गाठ दिसलीय, डॉक्टर म्हणाले कॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट यावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी किंवा एमआरआय करा, आणि एमआरआय बराच महाग म्हणून तुम्ही म्हणताय की आधी सीटी करू, एफडी मोडायला नको.

कुठला स्कॅन ते शेवटी लिव्हरचे डॉक्टरच ठरवणार, पण पैशाच्या बाजूने सांगतो, एका स्कॅनचा हिशोब करू नका, पक्कं उत्तर मिळेपर्यंत एकूण किती जाणार ते बघा. सिरोसिसमध्ये गाठ धमनीच्या फेजमध्ये (कॉन्ट्रास्ट दिल्यावर तो धमनीतून लिव्हरमध्ये पोचतो तेव्हाच्या फोटोंत) चमकली आणि नंतरच्या फेजमध्ये आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळपट झाली तर बहुतेक वेळा बायोप्सी न करताच कॅन्सरचं निदान होतं, दोन्ही स्कॅन हेच शोधतात. सीटी पटकन उरकतो, पण 2 सेंटिमीटरच्या आतल्या गाठी एमआरआयमध्ये जास्त सापडतात. उद्या सीटीचा रिपोर्ट "नक्की सांगता येत नाही" असा आला तर एमआरआय करावाच लागेल, म्हणजे दोन्ही बिलं भरायची.

म्हणून माझा कल एमआरआयकडे आहे. फक्त वडिलांना श्वास रोखून स्थिर पडून राहता येतं का ते आधी बघा, पोटात पाणी झालं असेल, धाप लागत असेल तर फोटो हलतात आणि पैसे वाया जातात, तिथे सीटीच बरा. किडनीचा रिपोर्टही दाखवा, दोन्हीकडच्या कॉन्ट्रास्टला तो लागतो.

लिव्हरसाठीचा खास कॉन्ट्रास्ट, गॅडॉक्सेटिक अॅसिड, सुचवला असेल तर त्याचा जवळपास अर्धा भाग लिव्हरच्या पेशी उचलतात आणि साधारण 20 मिनिटांनी वेगळे फोटो निघतात, छोट्या गाठींना त्याचा खरंच उपयोग होतो. पण बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढतं ते) खूप वाढलेलं असेल तर पेशी तो नीट उचलत नाहीत, मग जादा पैसे का घालायचे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बुडबुड्यांच्या कॉन्ट्रास्टची सोनोग्राफीपण असते, किडनीवर भार नाही, पण ती एकेक गाठच नीट बघते, अख्खं लिव्हर नाही, त्यामुळे सीटी-एमआरआयचा खर्च त्याने टळत नाही.

आणि सीटीच ठरला तर मल्टिफेज लिव्हर सीटी (कॉन्ट्रास्ट दिल्यावर वेगवेगळ्या वेळी फोटो काढतात तो) आहे ना हे बुकिंग करतानाच विचारा. एकाच फेजचा स्वस्त सीटी कृपा करून घेऊ नका, त्यात वर सांगितलेली खूणच दिसत नाही!

पैसे इमर्जन्सी फंडातून काढा, हे त्याच्यासाठीच असतं. क्रेडिट कार्डावर टाकून हप्ते करू नका. एफडीला आत्ता हात नको, गाठ कॅन्सरची निघालीच तर अॅब्लेशन (सुई घालून गाठ जाळणं) किंवा ऑपरेशनला ती लागेल, आणि एवढ्या लहान गाठीला इलाज चांगला असतो हो, म्हणून स्कॅन लांबवू नका. आजच विमा कंपनीला फोन करून विचारा की अॅडमिट न होता केलेला स्कॅन पॉलिसीत बसतो का, नसेल तर पुढे अॅडमिट झाल्यावर आधीच्या तपासण्यांचे पैसे मिळतात का. बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि स्कॅनची सीडी जपून ठेवा, रिपोर्ट आला की कळवा, एफडीचं तेव्हा बघू.