डीएमएलटी झालंय, रत्नागिरीतच राहायचंय

प्रश्न: ताई, माझं डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालंय. आई एकटी असते म्हणून मुंबईला नाही जायचं, पण इथे जाहिरातीच दिसत नाहीत. काय करू?

उत्तर: अगं, छोट्या लॅबवाले जाहिरात देतच नाहीत, माणूस ओळखीतून घेतात, म्हणून घरी बसून वाट बघू नकोस, बायोडेटा आणि मार्कशीटच्या झेरॉक्स घेऊन स्वतः जा, आणि सकाळी जाऊ नकोस हां, तेव्हा उपाशीपोटी रक्त द्यायला रांग असते, दुपारी जा, मालकाला बोलायला वेळ असतो. पावसाळ्याच्या आधी नक्की विचार, कारण आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), डेंग्यू, मलेरियाच्या टेस्ट वाढतात आणि हात कमी पडतात.

महाराष्ट्र परावैद्यक परिषदेचं रजिस्ट्रेशन झालंय का? नसेल तर आधी ते कर.

सरकारीत एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटी जागा जिल्हा परिषदेच्या वेबसाइटवर येतात, मुदत कमी असते, त्यामुळे कागद तयार ठेव. रत्नागिरीत 2023 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिकडेही लक्ष ठेव. चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल मोठं आहे, तिथेही विचार.

पगार सुरुवातीला कमीच मिळेल, पण जिथे रक्त घेण्यापासून मशीनचं कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक करून घेणं), कंट्रोल (रिपोर्ट बरोबर येतात का ते तपासायचे नमुने) लावण्यापर्यंत सगळं शिकवतील ती लॅब धर. आणि नोकरी देतो म्हणून कोणी डिपॉझिट मागितलं, ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतो म्हणालं, तर सरळ नाही म्हण.