सेलमधली मिरचीची रोपं घ्यावीत का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात घराजवळच्या गार्डन स्टोअरमध्ये ८० रुपयांची मिरचीची रोपं ३० ला लावलीत, जरा मरगळलेली दिसतायत, तर घेऊन बाल्कनीत लावली तर जगतील का आणि मिरच्या खरंच लागतात का. मी बरीच वर्षं गच्चीत मिरची लावतोय आणि त्यातली बरीचशी अशीच सेलमधून उचललेली आहे, त्यामुळे सांगतो.

घ्या, पण आधी सूट का दिलीय ते रोपाकडे बघून ओळखा. कारणं साधारण दोनच असतात. एक म्हणजे माल जुना झालाय. चार इंची कुंडीत रोप महिनोन्महिने पडून राहिलं, मुळांना जागा उरली नाही, खालची पानं पिवळी पडून गळली, उंच लुकडं झालं, एखादी मिरची लागून तिथेच सुकली. असं रोप डोळे झाकून घ्या, त्याला काहीही झालेलं नाही, ते फक्त उपाशी आहे.

दुसरं कारण म्हणजे बोकड्या. चुरडा-मुरडा पण म्हणतात. पानं आक्रसलेली, सुरकुतलेली, शेंड्याला बारीक बारीक पानांचा नुसता गुच्छ. असं रोप फुकट दिलं तरी घरी आणू नका.

दुकानात उभ्या उभ्या तपासायचं कसं, तर शेंड्याची कोवळी पानं बघायची, खालच्या जुन्या पानांवरून काही कळत नाही. खिशात कुठलंतरी जुनं बिल असतंच, त्याची कोरी बाजू शेंड्याखाली धरा आणि शेंड्याला दोन टिचक्या मारा. कागदावर पेन्सिलीच्या टोकाने काढलेल्या रेघेएवढे बारीक पिवळट किडे पळायला लागले तर ते फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. मग रोप जरा हलवा, पांढरं पीठ उडाल्यासारखं काही उडालं तर पांढरी माशी. फुलकिड्यांनी पान वरच्या बाजूला वळतं, होडीसारखं, आणि कोळी, म्हणजे माइट्स नावाची बारीक कीड असेल तर कडा खाली वळतात. हे दोन्ही घरी आटोक्यात येतं. पण पांढरी माशी नुसता रस शोषत नाही, ती लीफ कर्लचा, म्हणजे पानं आक्रसवणारा व्हायरस एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि व्हायरस एकदा झाडात शिरला की त्याला औषध नाही, कुठलंच नाही, नर्सरीवाला कितीही बाटल्या दाखवू दे. दुकानात उभं राहून हे किड्यांनी वळलेलं आहे की व्हायरसने ते खात्रीने सांगता येत नाही, म्हणून माझा नियम सरळ आहे, शेंडा वळलेला दिसला की रोप परत ठेवायचं. कारण प्रश्न तीस रुपयांचा नसतो, घरात आधीच टोमॅटो वगैरे असतील तर तेही जातात.

एक जाता जाता सांगतो, ३० रुपये म्हणजे फार स्वस्त असंही काही नाही हं. सोलापूर रोडने उरुळी कांचनकडे गेलात तर शेतकऱ्यांसाठी ट्रेमध्ये रोपं करणाऱ्या रोपवाटिका आहेत, तिथे मिरचीचं रोप एक-दोन रुपयांच्या घरात असतं. अर्थात ते बोटभर असतं आणि दोन-चार रोपांसाठी एवढ्या लांब जायला पेट्रोल परवडत नाही, तुम्ही इथे पैसे देताय ते वाढलेल्या रोपाचे.

घरी आणल्यावर लगेच बाकीच्या झाडांत ठेवू नका, पंधरा दिवस वेगळ्या कोपऱ्यात राहू दे. किडे असले तर तेवढ्यात दिसतात. पहिल्याच दिवशी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवून काढा, आणि मग आठवड्यातून एकदा संध्याकाळी नीम तेल, लिटरभर पाण्याला ५ मिली आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, नाहीतर तेल पाण्यात मिसळतच नाही वर तरंगत राहतं. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात.

कुंडी मात्र ताबडतोब बदला. जुनी कुंडी उलटी करून तळाला थापट्या मारल्या की मातीचा गोळा अख्खा बाहेर येतो आणि बहुतेक वेळा माती दिसतच नाही, नुसती पांढरी मुळं गोल गोल गुंडाळलेली असतात. घाबरू नका, पांढरी मुळं म्हणजे चांगलंच आहे, तपकिरी लिबलिबीत आणि वास येणारी असतील तर मुळं कुजलीत, ते रोप सोडून द्या. गोळ्याच्या बाजूंना बोटांनी मुळं सैल करायची, तळाचा जाड चटई झालेला भाग कात्रीने कापला तरी चालतो. १० ते १२ इंची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग पुरते. त्यात निम्मी माती, बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. टोमॅटोसारखं खोडापर्यंत खोल पुरायची गरज नाही, आधी जेवढं मातीत होतं तेवढंच.

आता जे बऱ्याच जणांना जमत नाही ते. रोपाला लागलेली फुलं आणि मिरच्या सगळ्या काढून टाका आणि लुकडा शेंडा वरून एक तृतीयांश छाटा. जिवावर येतं, मान्य आहे, बायको तर म्हणते की अहो लागलेल्या मिरच्या तोडून झाड कसलं जगवताय. पण उपाशी झाडाने आधी मुळं आणि पानं करायला हवीत, मिरच्या नंतर. तोडलेल्या त्या मिरच्या खाऊ नका, दुकानात कधी काय फवारलंय कुणाला माहीत.

ऊन पाच-सहा तास तरी हवं. फक्त दुकानात रोप हिरव्या नेटखाली असतं, त्यामुळे एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं तर पानांवर पांढरे चट्टे पडतात, आठवडाभर सकाळचं ऊन द्या मग हळूहळू पुढे सरकवा. पाणी रोज घड्याळ लावून घालू नका, बोट मातीत घालून बघायचं, वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच. मिरची पाण्याअभावी मान टाकते आणि पाणी दिलं की तासाभरात उठते, पण जास्त पाण्याने मान टाकली तर सहसा उठत नाही.

महिनाभरात नवे फुटवे येतील, मग पांढरी फुलं. तेव्हा युरिया किंवा नत्रवालं खत अजिबात नको, नाहीतर झाड हिरवंगार माजतं आणि फूल धरत नाही. त्याऐवजी पालाश, म्हणजे पोटॅश मिळेल असं काहीतरी द्या, चुलीची राख मिळत असेल तर चिमूटभर. फुलं गळायला लागली तर आधी कॅलेंडर बघा, एप्रिल-मेमध्ये पारा ३५ च्या वर गेला की मिरची फुलं टाकतेच, तेव्हा खतं ओतून उपयोग नाही, दुपारची सावली करा आणि थांबा. एकच झाड असलं तरी मिरच्या लागतात, फूल स्वतःच फळ धरतं, बंद बाल्कनीत वारा नसेल तर सकाळी फांदी जराशी हलवायची बस. हिरव्या मिरच्या तोडत राहा, झाडावरच लाल होऊ दिल्या की नवीन फुलं कमी येतात.

जात कुठली हे लेबलवर नसतंच, नुसतं 'मिरची' लिहिलेलं असतं. मिरची आकाशाकडे तोंड करून लागलेली असेल आणि बारकी असेल तर बहुधा जहाल निघते. जांभळ्या-पिवळ्या रंगीत शोभेच्या मिरच्या पण सेलमध्ये खूप असतात, त्या खाता येतात पण ठेच्याला त्यात मजा नाही.

किती घ्यायची, तर चार माणसांच्या घराला दोन-तीन झाडं भरपूर झाली. बहर संपला म्हणून उपटू नका, मिरचीचं झाड आपल्या हवेत दोन-तीन वर्षं आरामात चालतं, पहिल्या पावसानंतर जूनमध्ये निम्मं छाटून मूठभर गांडूळखत घाला, परत फुटतं.