खाडी घाण, मग फ्लेमिंगो का येतात?

प्रश्न : ऐरोली पुलावरून रोज जाते, ठाणे खाडीचा वास नको होतो, तरी एवढे फ्लेमिंगो येतात म्हणजे पाणी चांगलंय का? आणि दुर्बिणीवाले ते मोजतात तरी कसे?

उत्तर : नाही हो ताई, पक्षी आले म्हणजे पाणी स्वच्छ असं अजिबात नाही. उलट सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस येतं त्यावर शेवाळ माजतं आणि छोट्या फ्लेमिंगोचं (म्हणजे पिल्लं नव्हे, लेसर फ्लेमिंगो ही जात) मुख्य खाणं तेच, चोच उलटी करून चिखलपाण्यातून गाळून खातात, बघा कधीतरी ओहोटीला. पण घाण वाढत गेली की पाण्यातला ऑक्सिजन घटतो, मासे-खेकडे आधी जातात, म्हणून नुसते पक्षी मोजून भागत नाही, पाण्याचे नमुने घ्यावे लागतात, चिखल चाळून त्यातले किडे-शिंपलेही बघावे लागतात (बूट चिखलात राहतो तो वेगळाच!).

मोजणी म्हणाल तर एकेक कोण मोजणार, शंभराचा एक गठ्ठा नजरेत बसवायचा आणि थवाभर तोच पुढे सरकवत न्यायचा. शिवाय बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, निसर्ग-अभ्यासाची संस्था) काही पक्ष्यांना जीपीएस टॅग लावलेत, त्यावरून ते कुठे जातात ते कळतं. २०१५ला इथे अभयारण्य झालं, २०२२ला रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, वास मात्र आहे तिथेच.