‘शब्दलाघव’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आहे: एखाद्या लेखकाच्या ‘शब्दलाघवा’ची स्तुती करतात, तेव्हा त्याने थोडक्यात लिहिले एवढेच म्हणायचे असते का? आणि या ‘लाघवा’चा ‘लाघवी’शी काही संबंध आहे का?

संबंध आहे. गुरु–गौरव, मृदु–मार्दव, ऋजु–आर्जव, तसेच लघु–लाघव. लघु म्हणजे लहान तसेच हलके, आणि इथे हलकेपणाच महत्त्वाचा. व्यायामाने शरीराला ‘लाघव’ येते असे आयुर्वेद म्हणतो, तेव्हा शरीर आखूड होत नाही, चपळ होते. हस्तलाघवातही हीच चपळाई आहे.

भाषेत हा शब्द मुरला तो व्याकरणकारांमुळे. सूत्रातली अर्धी मात्रा कमी करता आली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असे वचन आहे. पाणिनीचे ‘इको यणचि’ हे सूत्र पाहा. अक्षरे पाच. अर्थ असा की इ, उ, ऋ, लृ यांच्यापुढे स्वर आला, तर त्यांच्या जागी अनुक्रमे य्, व्, र्, ल् येतात. इति + आदि = इत्यादि, सु + आगत = स्वागत, पितृ + आज्ञा = पित्राज्ञा, सगळे त्यात आले (सवर्ण, म्हणजे इ-पुढे इ किंवा ई असा त्याच जातीचा स्वर आल्यास दीर्घ करणारे सूत्र वेगळे आहे). याच शास्त्रात पाल्हाळिक मांडणीला ‘गौरव’ म्हणतात आणि तो दोष मानतात! मराठीत मात्र गौरवाला सत्कार मिळाला.

सूत्राच्या जुन्या व्याख्येत ‘अल्पाक्षर’ या विशेषणाला लागूनच ‘असंदिग्ध’ हे विशेषण येते. माझ्या मते शब्दलाघवाची खरी कसोटी ती आहे. सोसायटीच्या फळ्यावर ‘उद्या पाणी बंद’ असे लिहिले, तर दिवसभर की तासभर हे विचारायला दहा जण खाली येतात. हे लिखाण त्रोटक. त्रोटकमध्ये ‘त्रुट्’ म्हणजे तुटणे हा धातू आहे, त्रुटी शब्दही त्यातलाच. ‘उद्या १० ते ४ पाणी बंद’ हे वाक्य लांब आहे, तरी शब्दलाघव याच्यात आहे.

मराठीला हे मुळीच परके नाही. ‘अति तेथे माती’ या म्हणीत क्रियापदच नाही. ‘येतेस?’ एवढ्या एका शब्दात कर्ता, त्याचे लिंग, वचन आणि बोलणाऱ्याची जवळीकही कळते.

वापरताना एवढे सांभाळावे: ‘अल्पाक्षरी’ कविता किंवा शैली असते, माणूस नव्हे. माणूस मितभाषी. पण मितभाषी माणसाकडे शब्दलाघव असेलच असे नाही, आणि गप्पिष्ट माणसाकडे ते असू शकते. नुसते ‘तिच्या बोलण्यात लाघव आहे’ म्हटले, तर मराठी कानाला गोडवा, आर्जव, समोरच्याला आपलेसे करण्याची हातोटी ऐकू येते. लाघवी स्वभाव तो हाच. म्हणून संक्षेप अभिप्रेत असेल तेव्हा ‘शब्दलाघव’ असा पूर्ण शब्दच वापरावा.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसक माणसाच्या बोलण्याचे वर्णन आहे: ‘साच आणि मवाळ । मितले आणि रसाळ’. मोजक्या बोलण्याला ‘मितले’ हा किती सुंदर मराठी शब्द! तो आजही लिहिण्यात यायला हवा.