पहिल्यांदाच '५१व्या डिव्हिजनचा रील' नाचताय? मग एवढंच सांभाळा

पावलांची चिंता तूर्त सोडा, ती सरावाने बसतात. स्त्री-पुरुष जोड्यांनी समोरासमोरच्या दोन रांगांत नाचायचा हा ३२ बारचा (बार म्हणजे संगीताचं एक लहान माप) स्कॉटिश नाच आहे. आधी जागा आणि वेळ पक्की करा.

- पहिली जोडी (रांगेच्या वरच्या टोकाची) दोन बार सेट करते, म्हणजे जागच्या जागी पावलं टाकते, मग दोन जागा खाली कास्ट करते, म्हणजे आपल्या रांगेच्या बाहेरून खाली जाते. इथेच बहुतेकजण रेंगाळतात. कास्टला चारच बार आहेत, सातव्या बारला जोडीदाराचा हात धरून वर निघालंच पाहिजे.
- 'कोपरा' म्हणजे समोरच्या रांगेतला नाचणारा. पहिला कोपरा म्हणजे जोडीदाराकडे तोंड केल्यावर तुमच्या उजव्या हाताचा.
- कोपऱ्याला उजव्या हाताने फिरवल्यावर तो हात सोडू नका! सवयीने सुटतो आणि रांग मोडते. डावा हात लगेच जोडीदाराला द्या. बाराव्या बारअखेर चौघांची (तुम्ही दोघं आणि दोघांचे कोपरे) तिरपी रेघ हवी. फिरकी मोठी घेतलीत तर पोहोचणार नाही. हात खांद्याच्या उंचीवर, कोपर सैल, ओढाओढ नको.

ही रेघ एवढी महत्त्वाची का? जून १९४०मध्ये फ्रान्समधल्या सेंट व्हॅलेरी-आं-को इथे ५१व्या हायलँड डिव्हिजनचे हजारो सैनिक युद्धकैदी झाले. बव्हेरियातल्या लाउफेनच्या छावणीत लेफ्टनंट जिमी ॲटकिन्सन यांनी हा नाच रचला. पहिल्या कोपऱ्यांची एक तिरपी रेघ, मग तेच दुसऱ्या (डाव्या हाताच्या) कोपऱ्यांबरोबर केल्यावर दुसरी; मिळून सेंट अँड्र्यूचा क्रॉस, स्कॉटलंडच्या झेंड्यावरचा. म्हणून रेघ वाकडी झाली की फार वाईट वाटतं.

शेवटी सहा जणांचं वर्तुळ, एकूण आठ बारांत डावीकडे जाऊन परत. चौथ्या बारला परतायची तयारी ठेवा.