नवी ‘जाती’ की नवी ‘प्रजाती’?

नागपूरच्या एका शिक्षिकांनी विचारलंय: ‘शाळेच्या भित्तिपत्रकात उत्तर अमेरिकेतल्या प्राचीन अंतर्देशीय समुद्रातल्या एका जीवाश्म माशाबद्दल लिहिते आहे. “माशाची नवी प्रजाती सापडली” हे बरोबर, की “जाती” लिहू?’

जाती लिहा. आणि ‘सापडली’सुद्धा बदला.

आपल्या पाठ्यपुस्तकांत वर्गीकरणाची उतरंड कुल, प्रजाती, जाती अशी येते. प्रजाती हा वरचा गट, जाती त्याच्या पोटातली. हिंदीत ‘प्रजाति’ सर्वांत खाली आणि तिच्या वर ‘वंश’. नागपुरात दोन्ही भाषांचे पेपर वाचले जातात, त्यामुळे तिकडची ‘नई प्रजाति’ इकडे सहज ‘नवी प्रजाती’ होते. ‘जाती’ म्हटलं की समाजातली जात आठवते म्हणूनही काही जण हा शब्द टाळत असावेत. पण सापांच्या, पक्ष्यांच्या जाती आपण बिनदिक्कत म्हणतोच की! (वरच्या गटाला मराठीतही ‘वंश’ म्हणतात, विश्वकोशातल्या अनेक नोंदींत तसंच आहे. गोंधळ टाळायला मला तोच शब्द जास्त आवडतो.)

हा भेद का जपायचा, ते विदर्भातल्याच माशांवरून दिसेल. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या ‘लॅमेटा’ नावाच्या खडकांच्या थरांतले जीवाश्म मासे ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी 1908 मध्ये वर्णिले. त्यांतल्या एकाचे खवले जाड, तिरप्या चौकटीसारखे, वर चकचकीत थर असलेले. हे ‘गार’ (gar) नावाच्या माशाचं लक्षण, आणि हे मासे आजही उत्तर अमेरिकेतल्या नद्यांत आहेत. त्यामुळे वुडवर्ड यांनी वंश जुनाच ठेवला, जाती तेवढी नवी केली: लेपिडोस्टियस इंडिकस. दुसरा मासा मात्र कुठल्याच ज्ञात वंशात बसेना, म्हणून इओसेरॅनस हिस्लोपी हे नाव देताना वंश आणि जाती दोन्ही नवे ठरले. यातला ‘हिस्लोपी’ म्हणजे नागपूर परिसरात जीवाश्म गोळा करणारे स्टीफन हिस्लोप; हिस्लोप कॉलेज त्यांच्याच नावाचं. या दोन्ही माशांना सरसकट ‘नवी प्रजाती’ म्हटलं, तर वुडवर्ड यांच्या कामातला हा मोठा फरक पुसला जातो.

आता ‘सापडली’. खडकात सापडतो तो जीवाश्म. तो सापडल्यावर जबडा, दात, मणके, परांचे काटे ज्ञात माशांशी ताडून पाहतात. कशाशीच जुळलं नाही, तर त्याचं वर्णन छापतात, नाव देतात आणि तो नमुना पुढच्या अभ्यासकांना पडताळता यावा म्हणून संग्रहालयात जपून ठेवतात. कधी कधी तो खणून काढल्यावर कित्येक वर्षांनी हे घडतं. म्हणून जाती ‘निश्चित केली’ म्हणावं. ‘ओळखली’ हे क्रियापद आधीच नाव असलेल्या जातीसाठी राखून ठेवावं.

समुद्रासाठी ‘अंतर्देशीय’ चालेल, पण मुलांना ‘खंडाच्या पोटात शिरलेला समुद्र’ जास्त कळेल. क्रिटेशस काळात, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडात, तो आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरला होता, आणि कॅन्ससच्या खडूच्या खडकांत त्यातले मासे अजून मिळतात.

वाक्य असं करा: ‘उत्तर अमेरिकेच्या पोटात शिरलेल्या प्राचीन समुद्रातल्या एका माशाच्या जीवाश्मावरून संशोधकांनी नवी जाती निश्चित केली.’ वंशही नवा असेल, तर ‘नवा वंश आणि नवी जाती’ म्हणा.