लिस्बनच्या पिवळ्या ट्रॅम खरंच जुन्या आहेत, की पर्यटकांसाठी केलेली नक्कल?

लिस्बनला निघालेल्या पणजीकरांना हा प्रश्न पडतोच. नक्कल मुळीच नाही. तिथे विजेची ट्रॅम 1901 मध्ये सुरू झाली. 28 नंबरच्या मार्गावर आज दिसणाऱ्या दोन धुऱ्यांच्या छोट्या गाड्या मात्र त्यानंतरच्या, 1930-40 च्या दशकांतल्या. त्या ‘कारिश’ या ट्रॅम कंपनीने स्वतःच्याच सांतु आमारु कारखान्यात बांधल्या.

खरी गंमत 1990 च्या दशकाच्या मध्याची आहे. कंपनीने 45 गाड्या निवडल्या, जुना सांगाडा आणि लाकडी अंतर्भाग ठेवला, पण मोटारी, ब्रेक आणि विजेची यंत्रणा नवीन बसवली. म्हणून त्यांचं नाव ‘रेमोदेलादु’, म्हणजे नव्याने घडवलेल्या. काही जाणकारांना ही भेसळ वाटते. मला वाटत नाही. आल्फामा या लिस्बनच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत वळणं इतकी आवळलेली आणि चढ इतके उभे (आपल्या पणजीतला आल्तिनोचा चढ आठवा) की लांबलचक आधुनिक ट्रॅम तिथे वळणारच नाही. रूळही अरुंद, अवघे 900 मिलिमीटर. रोज माणसं वाहायची तर ब्रेक भरवशाचे हवेतच, आणि गाडी धावत राहिली म्हणूनच ती दुरुस्त करणारे हातही टिकले.

मूळ यंत्रणेच्या गाड्या बघायच्या असतील तर सांतु आमारुलाच कारिशचं संग्रहालय आहे, तिथे जरूर जा. 28 नंबर पकडायची तर सकाळी लवकर. नंतर उभं राहायलाही जागा नसते.

गोव्यात पोर्तुगीज काळातही विजेची ट्रॅम कधी आली नाही. आपल्याला जवळची म्हणजे मुंबईची, ती 1964 मध्ये बंद झाली.